पुढचा सोमवार म्हणजे कोणता सोमवार?



तुम्हाला आता वाचता येऊ लागले आहे. चार ओळींची चिठ्ठीही लिहिता येते. म्हणून आज एका साध्या शब्दाविषयी सांगतो. तो शब्द आपण रोज बोलतो. तो शब्द म्हणजे 'पुढचा'.

लोणखेड्याच्या आपल्या रात्रीच्या वर्गात मी एकदा विचारले, "समजा, आज गुरुवार आहे. जून महिन्याची ४ तारीख आहे. तर पुढचा सोमवार कोणता?"

काही जण म्हणाले, "८ तारखेचा." काही जण म्हणाले, "छे! ८ तारखेचा तो हा सोमवार. पुढचा सोमवार १५ तारखेचा."

वर्गात दोन तट पडले. कोणी हटेना. शेवटी सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "दोघेही खरे बोलता. चूक तुमची नाही. 'पुढचा' हा शब्दच असा आहे."

एका चिठ्ठीची गोष्ट

हे मी कशावरून सांगतो? माझ्याच हातून एकदा चूक झाली आहे म्हणून.

मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. जूनचे दिवस होते. सातपुड्यातल्या एका पाड्यावरची मुलगी आमच्या शाळेतून चौथी पास झाली होती. पुढे शिकायला तिला दुसऱ्या गावी, राहण्याची सोय असलेल्या शाळेत जायचे होते. त्यासाठी आमचा दाखला हवा होता. एका गुरुवारी तिचा मामा दाखला मागायला आला. दाखला तयार नव्हता. मी घाईघाईने चिठ्ठी लिहून त्याच्या हाती दिली: 'दाखला पुढच्या सोमवारी मिळेल.'

माझ्या मनात चारच दिवसांनी येणारा सोमवार होता. पाड्यावर चिठ्ठी वाचणाऱ्याने सांगितले, "हा सोमवार नव्हे, याच्या पुढचा."

मुलीची आई अकरा दिवसांनी आली. डोंगर उतरून पायी आली. एका दिवसाची मजुरी बुडवून आली. मी म्हणालो, "माय, फार उशीर केलास. तिकडचे प्रवेश शुक्रवारीच बंद झाले."

ती म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच तर पुढचा सोमवार लिहिला होता ना?"

मला उत्तर देता आले नाही. मुलगी पुढच्या वर्षी त्या शाळेत गेली. पण तिचे एक वर्ष वाया गेले. एका शब्दाने गेले. तेव्हापासून तारीख घातल्याशिवाय मी चिठ्ठी लिहिलेली नाही.

असे का होते?

'पुढचा' हा शब्द 'पुढे' यावरून झाला. घराचे पुढचे दार, गाडीचा पुढचा बैल, तसा पुढचा दिवस. काय पुढे आहे, एवढेच तो सांगतो. कुठून मोजायचे, ते तो सांगत नाही. ते बोलणाऱ्याच्या मनात असते.

हे वाक्य पाहा: '१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. पुढच्या वर्षी पानशेतचे धरण फुटले.' इथे पुढचे वर्ष म्हणजे १९६१. आपण आजपासून मोजले नाही, १९६० पासून मोजले. ते बरोबरच आहे. मुलीच्या गोष्टीत मी 'पुढच्या वर्षी' लिहिले, तेही असेच.

आता दुसरा शब्द घ्या, 'येता'. हा 'येणे' यावरून झाला. जो आपल्याकडे येतोच आहे, तो येता. 'येत्या सोमवारी' म्हटले की सगळ्यात आधी येणारा सोमवार. ४ जूनला म्हटले तर ८ जून. इथे भांडण नाही. मात्र 'येत्या वर्षी पानशेतचे धरण फुटले' असे कोणी म्हणणार नाही. जे होऊन गेले, त्याला 'येता' लावता येत नाही.

जसे पुढे, तसेच मागे. 'मागचा' हा 'पुढचा'चा भाऊ आणि 'गेला' हा 'येता'चा भाऊ. नुकताच होऊन गेलेला सोमवार म्हणजे गेला सोमवार.

शब्द बदलतो कसा?

नामाबद्दल जास्त माहिती सांगणाऱ्या शब्दाला विशेषण म्हणतात. ही चारही विशेषणे आहेत. नाम बदलले की यांचे रूप बदलते.

गेला आठवडा, गेली दिवाळी, गेले वर्ष.
येता आठवडा, येती दिवाळी, येते वर्ष.
पुढचा आठवडा, पुढची दिवाळी, पुढचे वर्ष.

पण 'केव्हा?' याचे उत्तर देताना रूप असे होते: गेल्या आठवड्यात, येत्या दिवाळीला, पुढच्या वर्षी.

क्रियापदही जुळले पाहिजे.
'गेल्या दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो.'
'येत्या दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊ.'

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. दवाखान्यात तो फार कामाचा आहे.
'गेले तीन दिवस बाळाला ताप आहे.' म्हणजे ताप अजून उतरलेला नाही.
'तीन दिवसांपूर्वी बाळाला ताप आला होता.' म्हणजे तो तेव्हा आला होता. आज आहे की नाही, ते कळत नाही.
डॉक्टरांना यातले खरे असेल तेच सांगा.

शेजारची भाषा आणि आपला 'परवा'

आपल्या जिल्ह्याला लागून गुजरात आहे. गुजराती भाषेत 'काल' हा शब्द मागच्या दिवसाला चालतो आणि उद्यालाही चालतो. मग घोटाळा कसा टाळायचा? ते लोक 'गई काल' आणि 'आवती काल' म्हणतात. गेलेली काल आणि येणारी काल. पाहा, तिथेही हीच दोन विशेषणे मदतीला येतात.

आपल्याकडे काल आणि उद्या वेगळे आहेत. पण 'परवा' एकच आहे. 'पैसे परवा दिले' आणि 'पैसे परवा देईन', दोन्ही बरोबर. चिठ्ठीत नुसते 'पैसे परवा' लिहिले, तर देणारा म्हणेल दिले आणि घेणारा म्हणेल यायचे आहेत. म्हणून क्रियापद गाळू नये.

पुढचे वर्ष कोणाचे?

वर्षाचे तर आणखी कठीण आहे. सरकारचे हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. आपले पंचांगाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते. गुजराती व्यापाऱ्याचे वर्ष दिवाळीनंतरच्या पाडव्याला बदलते. खानदेशात सालदाराचे साल कुठे गुढीपाडव्यापासून धरतात, कुठे आखाजीपासून.

आता कोणी म्हणाला, "पुढच्या वर्षी पैसे फेडीन," तर कोणत्या वर्षी? मार्चमध्ये बोललेला शब्द असेल, तर महिन्याभरातही वर्ष बदलते! उधारी असो, सालदारकी असो, शेत बटाईने देणे असो, तोंडी 'पुढचे वर्ष' पुरत नाही. साल कोणत्या तारखेला सुरू होते आणि कोणत्या तारखेला संपते, दोन्ही कागदावर लिहून घ्या. लिहिलेले वाचून पाहा. मगच सही करा. आता तुम्हाला सही येते, वाचताही येते. कोणी घाई केली, तर थांबा म्हणा.

तर काय करावे?

१. बोलताना जवळच्या दिवसासाठी 'येत्या' म्हणावे. त्याच्या नंतरचा दिवस असेल, तर 'येता सोमवार सोडून त्याच्या पुढचा' असे सांगावे.

२. लिहिताना वार आणि तारीख दोन्ही लिहावे: 'सोमवार, ८ जून'.

३. चिठ्ठीच्या वर त्या दिवसाची तारीख घालावी. चिठ्ठी आठ दिवस उशिरा पोचली, तर 'येता सोमवार' निघून गेलेला असतो. वर तारीख असली, तर वाचणाऱ्याला ते कळते.

४. दुसऱ्याने 'पुढच्या सोमवारी या' म्हटले, तर विचारावे, "कोणती तारीख, साहेब?" विचारण्यात लाज नाही. न विचारता हेलपाटा घालण्यात तोटा आहे.

त्या मायला त्या दिवशी विचारता आले नाही. कारण चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती. तुम्हाला येते. म्हणून तुम्ही विचारा.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागी 'गेल्या' किंवा 'येत्या' लिहा:
(अ) ........ आखाजीला मुलगी माहेरी आली होती.
(आ) ........ पावसाळ्यात आम्ही कापूस लावू.

२. आज बुधवार, १० जून आहे असे समजा. येता शुक्रवार किती तारखेला? गेला रविवार किती तारखेला?

३. 'गेले दोन दिवस' आणि 'दोन दिवसांपूर्वी' वापरून एकेक वाक्य लिहा.

४. पाहुण्यांना घरी बोलावणारी दोन ओळींची चिठ्ठी लिहा. वर आजची तारीख घाला. आत वार आणि तारीख दोन्ही लिहा. मग ती शेजाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, "पाहुणे कोणत्या दिवशी येतील?" त्याने बरोबर दिवस सांगितला, तर तुमची चिठ्ठी चांगली झाली.