मांजर, धूप आणि राजपुत्र गेंजी

अकराव्या शतकाच्या आरंभी जपानच्या सम्राज्ञीच्या पदरी असलेल्या मुरासाकी शिकिबू यांनी 'गेंजी मोनोगातारी' लिहिली. ५४ प्रकरणांची ही कादंबरी हाताने नकलून काढली जाई आणि क्योतोच्या दरबारातली मोजकी मंडळीच ती वाचत. सात-आठशे वर्षांनी तीच कथा एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, व्यापारी-कारागिरांच्या घरांत लाकडी ठशांच्या स्वस्त चित्रांतून पोचली. यातले खरे आश्चर्य असे, की या चित्रांत कथेचा नायक गेंजी बहुधा वेषांतर करूनच येतो.

हे वेषांतर ओळखण्याइतकी कथा एदोकरांच्या परिचयाची झाली, ती छापील पुस्तकांमुळे. सतराव्या शतकाच्या मध्यास यामामोतो शुन्शो यांनी २२६ चित्रांसह कादंबरीची आवृत्ती काढली. पुढे संक्षेप आणि सोप्या भाषेतली रूपेही आली. जुनी दरबारी भाषा न कळणाऱ्यालाही मुख्य प्रसंग ठाऊक झाले.

त्यातला मांजराचा प्रसंग पाहा. वसंतात गेंजीच्या वाड्यात तरुण सरदार चेंडू खेळत आहेत. आत पडद्याआड गेंजीची तरुण पत्नी, 'तिसरी राजकन्या', उभी आहे. मोठे मांजर मागे लागल्याने एक छोटे मांजर पळते, त्याच्या गळ्यातली दोरी पडद्यात अडकते आणि पडदा वर जातो. काशिवागी नावाच्या सरदाराला ती क्षणभर दिसते. कुलीन स्त्री परपुरुषाच्या नजरेस पडणेच जिथे वर्ज्य, तिथे त्या क्षणाने दोघांचेही आयुष्य उद्ध्वस्त होते. एदोच्या चित्रकारांनी यातले वाडा, चेंडू, सरदार सारे काढून टाकले. उरली ती झोकदार किमोनोतली गणिका आणि दोरीला बांधलेले मांजर. जाणकाराला तेवढे पुरे!

अशा 'मिताते', म्हणजे जुनी कथा नव्या वेषात दाखवणाऱ्या, चित्रांत सुझुकी हारुनोबूचा हात धरणारा क्वचितच कोणी. १७६५च्या सुमारास बहुरंगी छपाई रूढ झाली तीही त्याच्याच चित्रांतून. प्रत्येक रंगासाठी चेरीच्या लाकडाचा बहुधा वेगळा ठसा कोरत. ठशाच्या कोपऱ्यात आणि कडेला खाचा ठेवत. कागद त्यांना टेकवून बसवला, की रंग जागच्या जागी उमटे.

खुणांचा दुसरा खजिना धुपाच्या खेळातून आला. पाच प्रकारच्या सुगंधी लाकडांच्या प्रत्येकी पाच पुड्या एकत्र मिसळायच्या, त्यातल्या पाच उचलून एकेक धूप हुंगायचा आणि कोणते सारखे ते ओळखायचे. उत्तर लिहायचे पाच उभ्या रेघांनी. सारख्या गंधांच्या रेघा वरून जोडायच्या. अशा आकृत्या होतात बरोबर ५२ (गणितप्रेमींनी ताडून पाहावे). त्यांना गेंजीच्या प्रकरणांची नावे दिली. पहिले आणि शेवटचे प्रकरण वगळले, की हिशेब जुळतो. चित्राच्या कोपऱ्यात यातली एखादी आकृती छापली, की प्रसंग कोणत्या प्रकरणातला हे कळे.

गेंजीचा सर्वांत मोठा बहर मात्र नकलेमुळे आला. १८२९पासून र्‍यूतेई तानेहिको यांनी 'निसे मुरासाकी इनाका गेंजी' ही मालिका लिहिली आणि उतागावा कुनिसादाने तिची चित्रे काढली. कथा पंधराव्या शतकात हलवलेली, नायक मित्सुउजी. शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, अंतःपुरावर हा टोमणा आहे, अशी कुजबुज झाली. अखेर १८४२मध्ये सरकारी सुधारणांच्या बडग्याखाली मालिका बंद पडली आणि त्याच वर्षी तानेहिको वारले. चित्रे मात्र थांबली नाहीत. पुढली दोन-तीन दशके मित्सुउजीच्या तीन-तीन पानी रंगीत चित्रांना मोठी मागणी होती. माझ्या मते कुनिसादाचे निम्मे श्रेय तरी तानेहिकोंना द्यायला हवे. पण चित्रांवर नाव गाजले ते चित्रकाराचेच.

संग्रहालयात 'गेंजीचे चित्र' अशी पाटी दिसली, तर आधी नायकाचे केस पाहा. काळी दरबारी टोपी असेल तर तो मुरासाकींचा गेंजी. कोळंबीच्या शेपटीसारखी दुभंगलेली शेंडी असेल, तर तो मित्सुउजी.