गोधडीचे गणित आणि पहिला बर्फ

दिवाळी सरली की घरोघरी मनाली-गुलमर्गचे बेत शिजू लागतात. गाडीची तिकिटे, हॉटेल, फिरायची टॅक्सी यांचा हिशोब कसाबसा बसतो आणि मग कपड्यांची यादी निघते. चार माणसांची चार जाड जॅकेटे, चार बूट, थर्मल, हातमोजे. जो कपडा तीन दिवस अंगावर चढणार आणि पुढची पाच वर्षे माळ्यावर पडून राहणार, त्यासाठी कुटुंबाचा महिन्याचा किराणा खर्ची पडतो. या खर्चाचा मोठा भाग टाळता येतो, कारण तो थंडीमुळे कमी आणि थंडीविषयीच्या गैरसमजांमुळे जास्त होतो. ऊब किमतीत नसते आणि कापडाच्या वजनातही नसते. ती कोंडलेल्या कोरड्या हवेत असते. एवढे एक सूत्र कळले की काय विकत घ्यायचे, काय भाड्याने आणायचे आणि घरातले काय वापरायचे, हे आपोआप सुटत जाते.

गैरसमज : कपडा जितका जाड, तितका गरम

गरम कपडा स्वतः गरम नसतोच. तसे असते तर बर्फाच्या लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून कुणी ठेवल्या नसत्या. घरी पडताळून पाहायचे असेल तर फ्रीजमधला बर्फाचा एक खडा उघड्या बशीत ठेवा आणि तेवढाच दुसरा लोकरीच्या मोज्यात घालून ठेवा. मोज्यातला खडा उशिरा वितळेल. लोकरीने बाहेरची उष्णता त्याच्यापर्यंत लवकर पोचू दिली नाही. आपल्या अंगावर ती आतली उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. हे काम धाग्यांपेक्षा धाग्यांमध्ये अडकलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश वाहते. पाण्यातून ती हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीसपट वेगाने वाहते. आपल्याकडची गोधडी याच तत्त्वावर उभी आहे. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून धावदोरा घातला की प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा एक पापुद्रा तयार होतो. बर्फातही हेच करायचे असते : एका जाड कोटाऐवजी तीन सैल थर. यावर कुणी म्हणेल, गिर्यारोहक तर फुगलेली जॅकेटे घालतात. खरे आहे, पण त्या जॅकेटाचा फुगीरपणा हवेचाच असतो. तेच जॅकेट घट्ट मापाचे घेतले आणि आत दोन स्वेटर कोंबले, तर हवा दबून निघून जाते आणि पैसे खर्चूनही माणूस कुडकुडतो. थरांचा आणखी एक फायदा म्हणजे गाडीत किंवा उन्हात एक थर उतरवता येतो आणि घाम येत नाही.

गैरसमज : आत सुती बनियन आणि खाली जीन्स चालते

सहलीतली सर्वांत महागडी चूक हीच, कारण ती फुकटात होते. बर्फ हे पाणीच आहे. मुले त्यात बसतात, लोळतात, अंगाच्या उबेने तो वितळतो आणि सुती कापड ते पाणी पिऊन बसते. कापडातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब संपली. लोकर वेगळी वागते. आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही ती अंगाला ओली लागत नाही. माळरानावर पावसात धनगर घोंगडीची खोळ घेऊन उभा राहतो, त्यामागे पिढ्यांचा हा अनुभव आहे. पॉलिएस्टर तर पाणी फारसे शोषतच नाही. म्हणून अंगाला लागून सुती बनियनऐवजी खेळताना वापरायचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट घालावा; तो बहुतेक घरांत असतोच. थर्मल घ्यायचे असेल तर आधी लेबल वाचावे, कारण बाजारातली पुष्कळ थर्मल सुतीमिश्रित असतात. ती हॉटेलात झोपायला उत्तम, बर्फात खेळायला नव्हेत. दुसरा थर लोकरीच्या स्वेटरचा किंवा फ्लीसचा. थंडीत आपल्या शहरांमध्ये तिबेटी विक्रेते स्वेटरांची दुकाने थाटतात, तिथे हा थर माफक दरात मिळतो. पायांसाठी थर्मलवर सैल ट्रॅक पँट आणि तिच्यावर पावसाळ्यातल्या रेनसूटची पँट. महाराष्ट्रातल्या घराला ही वस्तू वेगळी घ्यावी लागत नाही. रेनकोटात घाम कोंडतो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून चढ चालताना चेन उघडी ठेवावी आणि बर्फात बसण्यापूर्वी लावावी.

गैरसमज : मोबाइलवर तापमान पाहिले की तयारी झाली

मोबाइल दाखवतो ते गावातले तापमान. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरवर आहे, तर मे महिन्यात पर्यटक जिथे बर्फ बघायला जातात ती रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे दोन्हींत बारा अंशांचा फरक सहज पडतो. त्यात वारा. शून्य अंशाला ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे सहाच्या आसपासची थंडी जाणवते, कारण त्वचेजवळची उबदार हवा वारा उडवून नेत राहतो. विणीच्या स्वेटरातूनही तो आरपार जातो. म्हणून तिसरा थर वारा आणि पाणी अडवणारा हवा, आणि नेमका हाच थर भाड्याने घेण्याजोगा आहे. मनालीजवळच्या सोलंगच्या वाटेवर आणि गुलमर्गच्या पायथ्याशी तंगमर्गला असे कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने आहेत. वापरलेला कोट अस्वच्छ असतो, असे अनेकांना वाटते. पण तो सर्वांत बाहेर असतो, अंगाला लागत नाही. घेताना चेन लावून पाहावी, शिवण उसवली आहे का ते पाहावे आणि दर आधी ठरवावा.

गैरसमज : दोन-दोन मोजे घातले की पाय गरम, आणि निम्मी उष्णता डोक्यातून जाते

थंडी वाढली की शरीर हृदय, फुप्फुसे सांभाळण्यासाठी हातापायांकडचे रक्त कमी करते. त्यामुळे बोटे आधी बधिर होतात. अशा वेळी गमबुटात दोन मोजे कोंबले तर रक्ताची वाट आणखी आवळली जाते. रबरी गमबूट पाणी अडवतो, ऊब देत नाही; म्हणून तो एक माप मोठा घ्यावा आणि आत लोकरीचा एकच जाड मोजा घालावा. बोटे आत हलली पाहिजेत. हातमोज्यांवर मात्र पैसे वाचवू नयेत. विणलेला लोकरी हातमोजा बर्फाचा गोळा करताच भिजू लागतो. पाणी न झिरपणारा, आतून मऊ अस्तराचा घ्यावा. डोक्याचे म्हणाल, तर डोके शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आहे आणि उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात जाते. निम्म्या उष्णतेची कथा अमेरिकी सैन्याच्या जुन्या पुस्तिकेमुळे पसरली. तरीही कान आणि मान झाकायलाच हवेत, आणि त्यासाठी साधी माकडटोपी महागड्या टोपीइतकीच कामाची.

गैरसमज : घोटभर रम घेतली की थंडी पळते, आणि थंडीत ऊन बाधत नाही

मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटते आणि त्याच वेळी आतली उष्णता बाहेर निसटते. थंडीची जाणीव पळते, थंडी नाही. उन्हातली अतिनील किरणे दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत उसळवतो. ही किरणे डोळ्यांना खरोखर भाजून काढतात. प्रत्येकाला, मुलांनाही, अतिनील किरणे अडवणारा गॉगल हवाच.

मुलांच्या बाबतीत काटकसर कशाला, हा प्रश्न प्रेमापोटी येतो आणि त्याचे उत्तर द्यायलाच हवे. वजनाच्या मानाने मुलांची त्वचा जास्त असते, ती लवकर गारठतात आणि खेळाच्या नादात सांगत नाहीत. त्यांना सांभाळते ते लक्ष. दर थोड्या वेळाने कॉलरखाली हात घालून मान उबदार आहे का पाहायचे, बोटे चाचपायची, ओले झालेले तिथल्या तिथे बदलायचे. महागड्या जॅकेटातले मूल ओल्या मोज्यांनी आजारी पडू शकते. अर्थात, हे सारे हॉटेलात परतणाऱ्या सहलीचे गणित आहे. तंबूत मुक्काम किंवा अनेक दिवसांचा ट्रेक असेल तर तिथे योग्य साहित्यच लागते. पण दिवसभराच्या बर्फासाठी घरचा टी-शर्ट, पावसाळी पँट, भाड्याचा कोट आणि चांगले हातमोजे पुरतात. उरलेल्या पैशांतून आणखी एक जोड लोकरी मोजे आणि हातमोजे घ्यावेत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधावेत आणि बॅगेत सर्वांत वर ठेवावेत. मुलांचे मोजे दिवसातून एकदा तरी भिजतातच. त्या वेळी गाडी थांबवून सामान उपसावे लागू नये.