सोलापूर शहरातील बांधकाम परवानगीचे स्वरूप

बांधकामाची परवानगी म्हणजे नकाशावर उमटलेला एक शिक्का, अशी समजूत सर्वसाधारणपणे रूढ आहे. वस्तुतः तो शिक्का ही एका दीर्घ पडताळणीची अखेर असते. भूमी कोणाची व किती, तिचा कोणता वापर कायद्याला मान्य आहे आणि तिच्यावर प्रत्यक्षात काय उभे राहणार आहे, या तीन गोष्टींच्या नोंदी निरनिराळ्या कार्यालयांत, निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या हेतूंनी झालेल्या असतात. त्या परस्परांशी जुळतात असा निर्वाळा देणे, हे परवानगीचे खरे कार्य होय. सोलापुरासारख्या शहरात, आणि विशेषतः त्याच्या वाढीव हद्दीत, प्रकरण अडते ते बहुतेक वेळा आराखड्याच्या रेघांवर नव्हे. त्याच्या कितीतरी आधी, जमिनीच्या कागदावरच ते अडून राहते. ही गोष्ट ध्यानात न घेता परवानगीच्या दिरंगाईची चर्चा केल्यास ती बरीचशी निष्फळ ठरते.

सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. १ मे १९६४ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या मधल्या काळात मुंबई इलाख्याचा १९१५ चा व त्यामागून मुंबई राज्याचा १९५४ चा नगररचना अधिनियम येऊन गेला. जुन्या शहरालगतच्या काही भागांत आजही मिळकतीची ओळख ‘अंतिम भूखंड क्रमांका’ने दिली जाते, तो नगररचना योजनांचा अवशेष होय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ साली संमत झाला आणि ११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आला. आज परवानगीची इमारत दोन खांबांवर उभी आहे : एक हा अधिनियम, आणि दुसरा १९४९ चा महानगरपालिका अधिनियम. पहिला ‘विकास’ या व्यापक संज्ञेचे नियमन करतो. दुसरा इमारत, तिचे बांधकाम, तिची सुरक्षितता व तिच्यात राहावयास जाण्याची अनुज्ञा यांकडे पाहतो. तपशिलाचे नियम मात्र पूर्वी प्रत्येक शहरास वेगळे असत. डिसेंबर २०२० मध्ये बृहन्मुंबई व इतर काही क्षेत्रे वगळून राज्यभरासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, आणि सोलापूरही तिच्या कक्षेत आले.

अर्ज कोणाकडे करावयाचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण तसा तो नाही. १९९२ च्या हद्दवाढीनंतर बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी इत्यादी गावे महानगरपालिकेत आली व शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. या हद्दीच्या आत महानगरपालिका हे नियोजन प्राधिकरण होय. परंतु अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीसारख्या क्षेत्रात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळास विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा असतो. तर त्याच दिशेने पुढे असलेले कुंभारी हे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. बिडी कामगार स्त्रियांसाठी २००६ साली पूर्ण झालेली १० हजार घरांची वसाहत आणि असंघटित कामगारांसाठीचा ३० हजार घरांचा रे नगर प्रकल्प, ज्यातील १५ हजार घरांचे हस्तांतर १९ जानेवारी २०२४ रोजी झाले, हे दोन्ही कुंभारीचेच. अशा ठिकाणी प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत जातो. शिवाय बांधीव क्षेत्र २० हजार चौरस मीटरवर गेले की २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. एकाच रस्त्याने काही मैल गेले असता प्राधिकरण तीनदा बदलते.

आता मूळ प्रश्न, भूमीचा. अर्जासोबत जोडावयाचा पहिला कागद म्हणजे सातबारा उतारा किंवा नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका. दुसरा, भूमी अभिलेख खात्याने केलेल्या मोजणीचा नकाशा. तिसरा, विकास योजनेतील विभाग व आरक्षण दर्शविणारा झोन दाखला व भाग नकाशा. पहिल्या कागदावर क्षेत्र असते, दुसऱ्यावर आकृती असते, तिसऱ्यावर भवितव्य असते. जुन्या पेठांत, म्हणजे उत्तर व दक्षिण कसबा, साखर पेठ, शुक्रवार पेठ अशा भागांत, मिळकत पत्रिका बहुधा असते. मात्र वाटण्या होऊन घरांच्या पट्ट्या झालेल्या, वारसांची नावे लागावयाची राहिलेली आणि बोळ सामाईक, अशी स्थिती आढळते. तेथे अडचण मालकीच्या नोंदीची असते.

हद्दवाढ भागात अडचण याहून मूलगामी आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, एकराचा चाळिसावा भाग. शेतजमिनीचे असे गुंठे पाडून ते विकले गेले. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या हस्तांतरास बंधन घातले होते. त्यामुळे खरेदीदाराच्या नावे स्वतंत्र उतारा न होता, एकाच सातबारावर अनेकांची नावे सामाईकपणे लागत राहिली. यंत्रमागावर किंवा बिडीच्या सुपावर आयुष्य घालविलेल्या कुटुंबाने साठविलेल्या पैशातून दीड गुंठा घ्यावा, ताब्यात जागा असावी, खरेदीखत असावे, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने तेथे ‘भूखंड’ असा नसावाच, अशी ही विचित्र अवस्था होय. मंजूर रेखांकनात रस्त्यांची रुंदी ठरलेली असते, आणि क्षेत्र ०.४ हेक्टर वा अधिक असल्यास दहा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. गुंठेवारीत हे काहीच नसते. रस्ता विक्रेत्याच्या मर्जीने दहा-बारा फुटांचा, मोकळी जागा नाही, सांडपाण्याची वाट नाही. जमीन स्वस्त मिळाली याचा अर्थ एवढाच की, रस्ता व गटार यांची किंमत त्या वेळी कोणी भरली नाही. ती पुढे रहिवाशांवर व नगरपालिकेच्या तिजोरीवर पडली.

या स्थितीवर उपाय म्हणून २००१ साली गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा अधिनियम झाला. त्यात १ जानेवारी २००१ पूर्वीची प्रकरणे येत होती. २०२१ च्या सुधारणेने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. प्रशमन शुल्क व विकास आकार भरून भूखंड व त्यावरील बांधकाम नियमित करून घेता येते. आरक्षित वा सार्वजनिक जमिनीवरील बांधकामास मात्र ही सवलत नाही. मुदत पुढे नेण्याने जुन्या खरेदीदारास न्याय मिळतो, हे खरे; पण पुढील मुदतही कधीतरी वाढेल, असा संदेश नव्या विक्रेत्यास मिळतो, हेही तितकेच खरे.

येथेच नव्या नियमावलीतील एका सुधारणेचा विचार करावयास हवा. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमानुसार नकाशे सादर करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी समजावी, आणि १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडावर तज्ज्ञाच्या प्रमाणपत्रावरून दहा दिवसांत परवानगी द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे. दीड गुंठ्याचा धनी या पहिल्या वर्गाच्या सीमेच्या किंचित पलीकडे, म्हणजे दुसऱ्या वर्गात येतो. परंतु ही सवलत भूखंड विधियुक्त आहे असे गृहीत धरून दिलेली आहे. ज्याचा भूखंड मंजूर रेखांकनातील आहे, त्याला फारशी अडचण पूर्वीही नव्हती. ज्याला अडचण होती, तो सवलतीच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. परवानगी नाही म्हणून बँकेचे गृहकर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सावकार किंवा भिशी, आणि पैसा येईल तशी एकेक भिंत, हा क्रम त्या वस्त्यांच्या बांधणीत दिसतो. काळ्या, पाण्याने फुगणाऱ्या मातीच्या शहरात पाया संरचना अभियंत्याने न पाहता घातला जातो, हा या क्रमाचा कमी चर्चिला जाणारा परिणाम होय.

भूमीचा प्रश्न सुटला की नकाशांचे काम तुलनेने सरळ असते. वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता स्थळदर्शक नकाशा, मजल्यांचे आराखडे, छेद व क्षेत्राचा तक्ता तयार करतो. सामासिक अंतरे, उंची, वाहनतळ व चटईक्षेत्र निर्देशांक यांची त्यावरून तपासणी होते. दाट वस्तीबाहेर मूळ निर्देशांक १.१० आहे, अधिमूल्य भरून वा हस्तांतरणीय विकास हक्क घेऊन तो वाढवावयाचा तर समोरचा रस्ता पुरेसा रुंद हवा. नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर ही वाढ मिळत नाही, म्हणून सोलापुरात रस्त्याची रुंदी हा नकाशातील सर्वांत महागडा आकडा ठरतो. विकास आकार, बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर आणि इमारतीच्या प्रकारानुसार अग्निशमन विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र, हे सोपस्कार यापुढचे.

कलम ४५ विषयी एक गैरसमज वारंवार आढळतो. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानावे, एवढेच वाक्य लक्षात ठेवले जाते. परंतु प्रस्ताव विकास योजना व नियंत्रण नियमांशी काटेकोरपणे सुसंगत असेल तरच हे मानीव मंजुरीचे तत्त्व लागू होते. नियमबाह्य नकाशाला प्रशासनाच्या मौनाने नियमांत आणता येत नाही. परवानगी नाकारल्यास कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येते, आणि मिळालेली परवानगी कलम ४८ प्रमाणे एक वर्ष टिकते. वर्षावर्षाने ती वाढविता येते.

वापराच्या प्रश्नात सोलापूरचे वैशिष्ट्य उठून दिसते. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी जी घरे वसविली, त्यांत माग व चूल यांच्यामध्ये एक भिंतच होती. चादर व टॉवेल यांचा धंदा या रचनेवर वाढला. नियमांची कल्पना मात्र निवास वेगळा व उद्योग वेगळा अशी आहे. निवासी विभागात लहान, उपद्रवरहित व्यवसायांस विजेची शक्ती, कामगारसंख्या व क्षेत्र यांच्या मर्यादेतच मुभा असते. या भेदाकडे नोकरशाहीचा हट्ट म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आहे. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यास आग लागून आठ जण मृत्यू पावले. त्यांत कारखानदार व त्याचे कुटुंबीय होते, तसेच कामगारही होते. त्या कुटुंबाचे वास्तव्य कारखान्यातच होते. त्या दुर्घटनेतील दोषाचा निर्णय हा या लेखाचा विषय नव्हे. पण नकाशातील प्रत्येक खोलीवर ‘शयनगृह’, ‘कोठार’, ‘यंत्रशाळा’ असे का लिहावयास लावतात, आणि दुसऱ्या जिन्याचा आग्रह का धरला जातो, याचे उत्तर सुताच्या गाठोड्यांनी भरलेल्या इमारतीत राहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

भुईकोट किल्ल्याभोवतालची बाब त्रोटक सांगता येईल. किल्ला केंद्र-संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या संरक्षित सीमेपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि पुढील दोनशे मीटर नियमित क्षेत्रात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवरून परवानगी मिळते. १९५८ च्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने हे बंधन कडक झाले. त्या परिघातील जुन्या घराची दुरुस्तीदेखील महानगरपालिकेच्या एकट्या शिक्क्याने होत नाही.

प्रारंभ प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपले असे मानणारे पुष्कळ. त्यानंतर जोत्यापर्यंत काम आल्यावर तपासणी असते, आणि पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र घ्यावयाचे असते. जोते मंजूर नकाशाबाहेर एक फूट सरकले तर त्या वेळी ते दुरुस्त करणे सोपे. स्लॅब पडल्यावर नव्हे. भोगवटा प्रमाणपत्राविना राहावयास जाण्याची प्रथा इतकी अंगवळणी पडली आहे की, ते मागणाराच विक्षिप्त ठरतो. १७ डिसेंबर २०२४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वीज, पाणी व मलनिःसारणाच्या जोडण्या हे प्रमाणपत्र पाहूनच द्याव्यात असे निर्देश दिले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबर रोजी त्याच न्यायालयाने, पंधरा दिवसांची नोटीस दिल्याविना पाडकाम करू नये, असेही बजावले होते.

परवानगी बांधकामापूर्वी घ्यावयाची असते, या साध्या विधानाचे वजन सोलापूरने होटगी रस्त्यावर अनुभवले. कुमठे येथील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना हद्दवाढीहून जुना. त्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी विमानतळाच्या उड्डाणमार्गात अडथळा ठरते, असा आक्षेप होता, आणि तिला बांधकाम परवानगी नाही, अशी महानगरपालिकेची भूमिका होती. वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत व शासनदरबारी चालला. एका बाजूस विमानसेवेची वाट पाहणारे व्यापारी व नागरिक होते, दुसऱ्या बाजूस हजारो ऊस उत्पादक सभासद व त्यांचा गाळप हंगाम. दोन्ही बाजूंचे हित खरे होते, म्हणूनच वाद इतका चिवट झाला. अखेर १५ जून २०२३ रोजी कडक बंदोबस्तात स्फोटकांनी चिमणी पाडण्यात आली. ज्या प्रश्नाचे उत्तर कागदावर, पहिली वीट ठेवण्याआधी, एका पत्राने मिळावयास हवे होते, ते उभ्या बांधकामाला विचारले गेले. ९ जून २०२५ पासून सोलापूर ते गोवा ही विमानसेवा सुरू झाली. विमानतळाच्या आसपास उंच बांधकाम करू इच्छिणाऱ्यास २०१५ च्या उंची-निर्बंध नियमांनुसार तयार केलेला रंगनिर्देशित नकाशा प्रथम पाहावा लागतो, आणि त्यातील अनुज्ञेय उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असल्याने भूखंडाची स्वतःची उंची वजा करूनच इमारतीचे मजले ठरवावे लागतात.