बी-पेशींची सक्रियता आणि मिखाएल रेथ यांचे संशोधन

प्रतिजन ओळखून त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करणे हे बी-पेशीचे कार्य होय. प्रतिजन ओळखणारा तिचा ग्राही म्हणजे पेशीपटलात रोवलेले प्रतिपिंडच असते. मात्र आयजीएम प्रकारच्या ग्राहीचा पेशीच्या आत शिरलेला भाग अवघ्या ३ अमिनो आम्लांचा आहे. इतक्या आखूड भागाकडून बाहेरचा संदेश आत पोहोचणे संभवत नाही. मग बी-पेशी सक्रिय होते कशी? जर्मन रोगप्रतिकारशास्त्रज्ञ मिखाएल रेथ यांची प्रदीर्घ कारकीर्द मुख्यतः याच प्रश्नाशी निगडित आहे.

कोलोन विद्यापीठात क्लाउस रायेव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी., नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काही काळ संशोधन, पुन्हा कोलोन व अखेर फ्रायबुर्ग असा त्यांचा प्रवास झाला. १९८८ मध्ये त्यांच्या गटाला आयजीएमसोबत येणारे ३४ किलोडाल्टनचे एक प्रथिन आढळले. हे प्रथिन म्हणजे आयजी-अल्फा. आयजी-बीटा या जोडीदारासह तेच संदेशवहन करते, हे पुढे स्पष्ट झाले. १९८९ मध्ये रेथ यांनी 'नेचर'मध्ये एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. त्यात नवा प्रयोग नव्हता. निरनिराळ्या ग्राहींच्या अंतर्भागांतील अमिनो आम्लांचे क्रम शेजारी मांडून, ठरावीक अंतराने येणाऱ्या टायरोसिनच्या जोडीकडे त्यांनी लक्ष वेधले होते. हीच रचना आज 'आयटॅम' म्हणून ओळखली जाते. तिच्यातील टायरोसिनला फॉस्फेट जोडला गेला की 'सिक' हे विकर तेथे येऊन बसते व पुढील संदेशसाखळी सुरू होते. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या आणि २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारातील कृत्रिम ग्राहीतही आयटॅम आहेत.

रेथ यांचे दुसरे प्रतिपादन मात्र वादग्रस्त ठरले. पाठ्यपुस्तकांनुसार विश्रांत बी-पेशीवरील ग्राही सुटे असतात व प्रतिजन त्यांना एकत्र आणतो. या मताला सबळ आधार आहे. आयजीएमविरोधी अखंड प्रतिपिंड दोन ग्राही जोडू शकते व पेशीला सक्रिय करते. त्याचा एकच बंधनस्थान असलेला तुकडा सहसा तसे करीत नाही. रेथ यांनी २०१० मध्ये नेमके उलट मत मांडले : ग्राही आधीच समूहात व निष्क्रिय असतात, प्रतिजनामुळे समूह उघडतो आणि आयटॅम मोकळे होतात. यासाठी बी-पेशीच्या ग्राहीची उभारणी फळमाशीच्या पेशींत करण्यात आली होती. परंतु २००५ मध्ये अमेरिकेतील सुसान पिअर्स यांच्या गटाने जिवंत पेशींवरील प्रकाशीय मापनांतून विश्रांत ग्राही सुटे असल्याचा निष्कर्ष काढला होता. दोन्ही पक्षांकडे पुरावा असताना वर्गात एकच चित्र अंतिम म्हणून शिकविले जावे, हे खटकते.

२०१४ मध्ये रेथ यांना पाउल एर्लिश व लुडविग डार्मश्टेटर पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने ग्राहीची रचना प्रत्यक्ष दिसली. एका प्रतिपिंडासोबत आयजी-अल्फा व आयजी-बीटा यांची एकच जोडी असते, हा रेथ यांच्या गटाचा २००० मधील निष्कर्ष त्यातून पक्का झाला. ही रचना पेशीपटलापासून विलग केलेल्या एकेकट्या ग्राहीची असल्याने, विश्रांत पेशीवर ग्राही सुटे असतात की समूहात, हा वाद तिने मिटलेला नाही.