वर्गमुळांची बेरीज : कुंपण कोठे कमी पडले?

कांदिवली पश्चिमेला चारकोपमध्ये लहान लहान भूखंडांवर ओळीने बांधलेली घरे दिसतात. १९८०च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने ही वसाहत आखली. तशीच आखणी आपण कागदावर करू. समजा, रस्त्यालगत दोन चौरसाकृती भूखंड शेजारीशेजारी आहेत. एकाचे क्षेत्रफळ १८ चौरस मीटर, दुसऱ्याचे ३२. रस्त्याच्या बाजूला कुंपण किती लांब लागेल?

चौरसाची बाजू म्हणजे क्षेत्रफळाचे वर्गमूळ. म्हणून लांबी √१८ + √३२ मीटर. येथे पुष्कळजण १८ आणि ३२ मिळवून √५० लिहून मोकळे होतात. अकरावीच्या वर्गातही मला हे उत्तर भेटते! √५० म्हणजे सुमारे ७.०७ मीटर. पण प्रत्यक्षात बाजू आहेत सुमारे ४.२४ आणि ५.६६ मीटर, एकूण ९.९०. म्हणजे पावणेतीन मीटरहून अधिक जागा उघडीच राहील.

मग योग्य रीत कोणती? मूळचिन्हाखालच्या संख्येतून पूर्ण वर्ग बाहेर काढा.

√१८ = √(९×२) = ३√२
√३२ = √(१६×२) = ४√२

आता चिन्हाखाली एकच संख्या उरली. अशा करणींना सरूप करणी म्हणतात. तीन आंबे आणि चार आंबे मिळून सात आंबे, तसे ३√२ + ४√२ = ७√२.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात आपल्या ‘बीजगणिता’त करणींच्या बेरजेची आणखी एक रीत दिली आहे. दोन्ही संख्यांची बेरीज घ्या. त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट तीत मिळवा. आलेल्या संख्येचे वर्गमूळ हे उत्तर. त्यांनीच घेतलेल्या २ आणि ८ या संख्या पाहा. बेरीज १०, गुणाकार १६, त्याचे मूळ ४, दुप्पट ८, एकूण १८. म्हणून √२ + √८ = √१८.

हे (अ + ब)² = अ² + २अब + ब² याच सूत्रातून येते. आपल्या भूखंडांना ही रीत लावा : ५० + ४८ = ९८, आणि √९८ = ७√२. ताळा जमला! मधले ४८, म्हणजेच ‘२अब’, विसरले म्हणून कुंपण कमी पडले.

गुणाकार पूर्ण वर्ग नसेल तर? ३ आणि ७ यांचा गुणाकार २१. तेथे √३ + √७ तसेच ठेवावे. त्यांची मिळून एक करणी होत नाही.

आता √१२ + √७५ आणि √६ + √१० ही उदाहरणे दोन्ही रीतींनी करून पाहा. कोणते एकत्र होते आणि कोणते नाही, हे आधी गुणाकारावरूनच ओळखा.