भाषिक अल्पसंख्याकांचे संरक्षण : आश्वासन आणि अधिकार

भाषावार राज्यरचनेने लोकशाही सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत नेली, हे आता बहुधा कोणी नाकारणार नाही. शेतसाऱ्याची पावती, न्यायालयाचे समन्स आणि मुलाचे पाठ्यपुस्तक आपल्या भाषेत येऊ लागले म्हणजेच राज्य आपले वाटू लागते. परंतु कोणतीही सीमारेषा भाषेच्या काठाकाठाने तंतोतंत आखता येत नाही. १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद शहरातील मराठी समाज आंध्र प्रदेशात राहिला. १९६० मध्ये बडोदे गुजरातेत गेले. ह्यांपैकी कोणीही घर बदलले नव्हते. बदलले ते राज्य, आणि त्यासरशी कालचे बहुसंख्य आज अल्पसंख्य झाले.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व के. एम. पणिक्कर ह्यांच्या राज्यपुनर्रचना आयोगास ह्या परिणामाची जाणीव होती. १९५५ च्या त्यांच्या अहवालात भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा स्वतंत्र विचार आढळतो. त्यातूनच १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही दोन कलमे संविधानात आली. पहिल्या कलमान्वये भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे ह्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावयाचा आहे, आणि त्यासाठी राष्ट्रपती राज्यास निदेश देऊ शकतात. दुसऱ्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. त्याने चौकशी करावी, राष्ट्रपतींस अहवाल द्यावा, आणि तो संसदेपुढे ठेवला जावा, अशी ही व्यवस्था आहे. ह्यांच्या जोडीस मूळ संविधानातील कलमे आहेतच : २९ व्या कलमाने भाषा व लिपी जतन करण्याचा, ३० व्या कलमाने स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा, आणि ३५० व्या कलमाने संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे.

‘पुरेशा सोयी’ म्हणजे नेमके काय, ह्याचे मोजमाप त्याआधीच ठरले होते. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने असा ठराव केला की, ज्या शाळेत एखाद्या अल्पसंख्य भाषेची ४० मुले असतील, किंवा एका वर्गात १० मुले असतील, तेथे त्या भाषेचा शिक्षक देण्यात यावा. पुढे १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने हे संरक्षण अधिक तपशिलाने मांडले. जेथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना, नियम व मतदारयाद्या त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे त्यातील एक मान्य सूत्र होय.

शिक्षकबंधूंनी विशेष लक्षात ठेवावी अशी दोन साधने ह्याच संरक्षण-योजनेत आहेत : एक मुलांची पूर्वनोंदणी, आणि दुसरे आंतरशालेय जुळवणी. बेळगाव किंवा खानापूर तालुक्यात मराठी वस्ती सलग आहे. तेथे १० मुलांचा वर्ग जमविणे अवघड नाही. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा नगरांत मात्र मराठी कुटुंबे शहरभर विखुरलेली असतात. एका शाळेत तीन मुले, दुसऱ्या शाळेत चार, तिसऱ्या शाळेत पाच, अशी स्थिती असेल तर प्रत्येक शाळेपुरता हिशेब केल्यास एकाही वर्गाची सोय होणार नाही; नगराचा हिशेब केल्यास १२ मुलांचा एक वर्ग उभा राहतो. सत्र सुरू होण्यापूर्वी पालकांची नावे नोंदवून घेणे आणि शेजारच्या शाळांतील मुले एकत्र आणणे, हा त्यावरील उपाय आहे.

येथवरचे चित्र आश्वासक वाटेल. परंतु ह्या तरतुदींचा कच्चा दुवा त्यांच्या शब्दांतच आहे. ३५०-अ राज्यावर प्रयत्नाचे कर्तव्य टाकते. शिक्षक न मिळाल्यास कोणते प्राधिकरण किती दिवसांत तो देईल, हे ते सांगत नाही. विशेष अधिकारी शिफारस करू शकतो, आज्ञा देऊ शकत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही मुलाची मातृभाषा हे माध्यम ‘व्यवहार्य असेल तितपत’ असावे, असेच म्हटले आहे. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही घरच्या भाषेचा पुरस्कार केला तो ‘जेथे शक्य असेल तेथे’ ह्या अटीसह. ‘शक्य’ काय ते ठरविणारा आणि खर्च करणारा एकच असला म्हणजे अशा शब्दांचा अर्थ कोणत्या बाजूस झुकतो, हे सांगावयास नको.

न्यायालयांनी मात्र ह्या क्षेत्रात दोन मर्यादा बऱ्याच स्पष्टपणे आखून दिल्या आहेत. २००२ च्या टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठापुढे अल्पसंख्य कोण हे ठरविण्याचा प्रश्न होता. ते राज्य हा घटक धरून ठरवावे, असा निर्णय झाला. म्हणून मराठी माणूस कर्नाटकात अल्पसंख्य, तर कानडी माणूस महाराष्ट्रात. २००४ मध्ये उषा मेहता प्रकरणात महाराष्ट्रातील गुजराती संस्थांनी मराठीच्या सक्तीस आव्हान दिले, तेव्हा राज्याची भाषा एक विषय म्हणून शिकविण्याचे बंधन न्यायालयाने उचलून धरले. उलट २०१४ मध्ये कर्नाटकाच्या १९९४ च्या माध्यमविषयक आदेशासंबंधी निर्णय देताना पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, मुलाची मातृभाषा कोणती हे पालकाने ठरवावयाचे आहे, आणि ३५०-अ चा आधार घेऊन अल्पसंख्याकांवर माध्यम लादता येणार नाही. तात्पर्य, राज्याची भाषा शिकणे हे नागरिकाचे कर्तव्य मानता येते. पण आपली भाषा सोडणे ही त्याची किंमत मानता येत नाही.

ह्या दोन्ही मर्यादा आम्हांस न्याय्य वाटतात, आणि त्या सर्वत्र सारख्या लागू व्हाव्यात. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, तेव्हा झालेला विरोध लहान मुलावरील ओझे आणि वरून लादलेली सक्ती ह्या दोन मुद्द्यांवर उभा होता. जूनअखेर शासनास ते निर्णय मागे घ्यावे लागले. मुंबईत जो युक्तिवाद मराठीच्या बाजूने ग्राह्य ठरला, तो अक्कलकोट व जत तालुक्यांतील कानडी मुलाच्या बाबतीतही ग्राह्य मानावयास हवा. बेळगावात आपण जे मागतो ते अक्कलकोटात देण्याची आपली तयारी नसेल, तर आपली मागणी हक्काची राहत नाही. ती केवळ संख्याबळाची ठरते. आणि संख्याबळाच्या न्यायालयात महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस नेहमीच हरणार.

ह्यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते अगदीच निराधार नाहीत. अनेक माध्यमांच्या शाळा चालविणे खर्चाचे आहे. कमी पटाच्या शाळांस पुरेसे शिक्षक मिळत नाहीत. आणि खुद्द पालकच इंग्रजीकडे वळत आहेत. ह्यांतील तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. गोव्यात मातृभाषेच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे १९९० पासूनचे धोरण २०११ मध्ये बदलले, आणि त्यावरून समाज दुभंगला. पालकाच्या निवडीचा मान राखावा, हे आम्हांस मान्यच आहे. परंतु एका बाजूस गळके छप्पर व दोन इयत्तांना मिळून एक शिक्षक, आणि दुसऱ्या बाजूस सुसज्ज इमारत, अशी स्थिती असता पालक जे निवडतो ती भाषेची निवड नसते; ती इमारतीची आणि शिक्षकाची निवड असते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो आपल्या मुलासाठी दोन्ही भाषा विकत घेतो. गरिबाचे मूल मात्र मातृभाषाही अर्धवट आणि इंग्रजीही अर्धवट, अशा अवस्थेत शाळेबाहेर पडते. म्हणून भाषेचा प्रश्न शेवटी सार्वजनिक शाळेवर होणाऱ्या खर्चाचा प्रश्न आहे. तो केवळ अस्मितेचा समजणे ही दिशाभूल होय.

कॅनडाचे उदाहरण ह्या ठिकाणी उद्बोधक आहे. तेथील १९८२ च्या हक्कांच्या सनदेच्या २३ व्या कलमाने इंग्रजी व फ्रेंच अल्पसंख्य पालकांना, संख्या पुरेशी असेल तेथे, सार्वजनिक निधीतून आपल्या भाषेच्या शिक्षणाचा हक्क दिला. ‘संख्या पुरेशी असेल तेथे’ ही अट तेथेही आहे. भेद एवढाच की, ती पुरेशी आहे किंवा नाही हे पालक न्यायालयात पडताळून घेऊ शकतो. १९९० मध्ये अल्बर्टा प्रांतातील माहे प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा शिक्षणाच्या व्यवस्थापनातही पालकांचा वाटा मान्य केला.

आपल्याकडे ह्यासाठी संविधान बदलण्याचीही तातडी नाही. १९४९ चे ४० व १० चे प्रमाण आणि १९६१ चे १५ टक्क्यांचे प्रमाण कायद्यात घालावे; पूर्वनोंदणी प्रत्येक नगरपालिका व तालुक्यास बंधनकारक करावी; शिक्षक देण्यास मुदत ठरवावी; आणि ती टळल्यास विशेष अधिकाऱ्यास आदेश देण्याचा अधिकार असावा. कमी पटाच्या शाळा एकत्र करताना शेजारी त्याच माध्यमाची शाळा नसेल, तर अल्पसंख्य भाषेची शाळा वगळावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, ह्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु अभिजात दर्जा भाषेच्या भूतकाळाचा गौरव करतो; तिचे भविष्य पहिलीच्या हजेरीपटावर ठरते. त्या पटाची जुळणी हे काम शासनाइतकेच आपल्या संस्थांचेही आहे. येत्या सत्रापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या गावातील मराठी मुलांची यादी वाडीनिहाय व पेठनिहाय तयार करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे रीतसर नोंदवावी, आणि त्याची पोच जपून ठेवावी.