विमानात चढायला इतका वेळ का लागतो?

बोर्डिंग पास स्कॅन झाला की वाटतं, सुटलो. आणि पुढे विमानाच्या दारापर्यंत पुन्हा रांग! ती खरी अडते आतल्या चिंचोळ्या वाटेत. सातव्या रांगेतला प्रवासी वरच्या कप्प्यात बॅग कोंबत असतो, तोवर विसाव्या रांगेत जाणारेही त्याच्यामागे ताटकळतात.

मग मागच्या रांगांना आधी सोडलं तर? तरी फार फरक पडत नाही. २५ ते ३० या रांगांतली माणसं एकदम आली की तेवढ्याशा जागेत सगळ्यांची धडपड. एका वेळी एकदोघांचीच बॅग चढते, बाकीचे हातात बॅग धरून उभे.

जेसन स्टेफन हा खरं तर खगोलभौतिकीवाला. २००८ मध्ये त्याने हे कोडं संगणकाला घातलं. चढण्याच्या क्रमातल्या कुठल्याही दोघांची अदलाबदल करायची, वेळ वाढला नाही तर नवा क्रम ठेवायचा, वाढला तर जुना. असं पुन्हा पुन्हा. उत्तर आलं ते असं: आधी खिडकीवाले, आणि लागोपाठ चढणाऱ्यांच्या जागा एकाआड एक रांगेत. म्हणजे प्रत्येकाला हात हलवायला जागा मिळते आणि बऱ्याच बॅगा एकाच वेळी चढतात. पुढे ७२ माणसं घेऊन खोट्या केबिनमध्ये याची चाचणी झाली. गटागटाने चढायला जवळपास ७ मिनिटं लागली, स्टेफनच्या क्रमाने साडेतीनच्या आसपास. आणि गंमत म्हणजे, क्रमच न लावता चढले तेव्हा पावणेपाच!

मग कंपन्या हे का करत नाहीत? कुटुंबाची ताटातूट होते, हे एक कारण. पण मला पैशाचं कारण मोठं वाटतं. २००८ मध्येच अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या चेक-इन बॅगेला १५ डॉलर लावले, मग इतरांनीही तेच केलं. लोक बॅगा सोबत आत नेऊ लागले, वरचे कप्पे अपुरे पडू लागले. कप्पा अपुरा म्हटल्यावर आधी चढण्याला किंमत आली, आणि ती तिकिटाबरोबर विकता येते. रांग सगळ्यांसाठीच झटपट सरकली तर ‘प्रायॉरिटी’चे पैसे कोण देईल?

आपल्याकडे बसने विमानापाशी नेतात तेव्हा लोक वैतागतात. पण तिथे बऱ्याचदा पुढे-मागे दोन्हीकडे शिड्या असतात, आणि आतली वाट दोन टोकांनी भरते. एरोब्रिजला सहसा एकच दार मिळतं.